लहान लॅपटॉपवर लिनक्स (ठाणे–नवी मुंबई)

लहान लॅपटॉपवर लिनक्स : कमी रॅम व कमी साठवण असलेल्या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बसवणे आणि ती सुरळीत चालवणे. २००७ चा असुस ईई पीसी ७०१ (सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण) मुळात लिनक्ससहच विकला गेला होता.

ठाणे, वाशी, नेरुळकडच्या घरांत आज अडगळीत सापडतात ते बहुधा त्यानंतरचे, २०१५-१६ च्या सुमाराचे स्वस्त लॅपटॉप : इंटेल ॲटम, २ जीबी रॅम, मदरबोर्डलाच जोडलेली ३२ जीबी ईएमएमसी (साठवणीची चिप). विंडोज १० च्या मोठ्या अपडेटला त्यांत जागा पुरत नसे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्या विंडोजचा नियमित आधारही संपला. दुरुस्तीवाला ‘नवीनच घ्या’ म्हणतो, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरही असते.

यंत्र संथ असल्याने लिनक्स अडते, हा समज चुकीचा आहे. खरी अडवणूक सुरुवातीलाच होते. ॲटम झेड३७३५एफसारखा प्रोसेसर ६४ बिटचा असतो, पण अशा अनेक यंत्रांतले यूईएफआय (यंत्र सुरू होताना प्रथम चालणारी प्रणाली) मात्र ३२ बिटचे असते. लिनक्स बसवण्याच्या नेहमीच्या पेनड्राइव्हवर केवळ ६४ बिटचा बूटलोडर (संगणकप्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) असल्यामुळे तो बूट मेनूत दिसतच नाही आणि माणूस पेनड्राइव्हलाच दोष देत बसतो. ‘बूटआयए३२.ईएफआय’ ही ३२ बिटच्या बूटलोडरची फाइल असलेली इन्स्टॉलरची प्रतिमा (आयएसओ फाइल) वापरली की काम होते. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी यूईएफआयची सोय) बंद करावे लागते, ते वेगळेच.

यानंतरची डोकेदुखी वाय-फायची. रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीएस चिपचा ड्रायव्हर २०१७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल ४.१२ मध्ये आला. फर्मवेअरची (चिपमध्येच चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल मात्र वेगळी लागते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) इन्स्टॉलरमध्ये असे फर्मवेअर सोबतच मिळते. फर्मवेअर मिळेपर्यंत अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करावे, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला द्यावे; बहुतेक वेळा ते लगेच चालते. यूएसबी पोर्ट एकच असेल तर आधी हब आणून ठेवावा.

याच पिढीच्या ॲटमवर स्क्रीन मध्येच गोठण्याची तक्रार जुनी आहे. प्रोसेसरला खोल झोपेत जाऊ न देणारा सी-स्टेटचा (प्रोसेसरच्या झोपेच्या पातळीचा) पर्याय ग्रब या बूटलोडरमध्ये दिला की ती थांबते, पण बॅटरी लवकर उतरते. लोकलच्या प्रवासात वापरणाऱ्याला हा सौदा परवडत नाही.

डेस्कटॉप एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी असा हलका ठेवावा, झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय) चालू करावे. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले तर कोणतेही लिनक्स हात टेकते. १०२४ × ६०० च्या पडद्यावर खिडकीची खालची बटणे दिसेनाशी होतात. ऑल्ट दाबून खिडकी वर ओढावी.

मराठीसाठी ‘लोहित देवनागरी’ फॉन्ट व इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण) कळपाट पुरेसा आहे. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणालीही तयार केली आहे. नवी मुंबईत खारघर स्थानकासमोर याच संस्थेचे केंद्र आहे, पण जुने लॅपटॉप बसवून देणे हे त्याचे काम नव्हे.