मुंबई–नागपूर: अंतर तेवढंच, वेळ बदलती

मुंबई ते नागपूर रेल्वेने 837 किलोमीटर. गाडी कसारा घाट चढते, मनमाड-भुसावळ करत विदर्भात शिरते. हवेतून सरळ मोजलं तर हेच अंतर साधारण 680 किलोमीटर भरतं. प्रवासी विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरच्या पुढे जातं. भागाकार केला, तर 50 मिनिटं पुरायला हवीत. तिकिटावर मात्र जवळपास दीड तास असतो.

तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसते. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि नागपुरात ते जागेवर उभं राहिलं की थांबतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. साहजिकच रांग लागते. शिवाय उडताना वारा समोरून हवा, कारण त्यामुळे पंखांना लवकर उचल मिळते. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो. त्यामुळे नागपूर पूर्वेला असूनही विमान आधी पश्चिमेला झेपावतं. खिडकीखाली जुहूचा किनारा येतो, मग नुसतं पाणी, आणि त्यानंतर कुठे विमान वळतं.

पुढचा हिशेब मला सगळ्यात सुंदर वाटतो. उतरताना वैमानिकांचा एक ठोकताळा असतो: दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल. विमान 35,000 फुटांवर असेल, तर 105 सागरी मैल, म्हणजे जवळपास 195 किलोमीटर आधी उतरायला लागायचं. नागपूरला निघालेलं विमान अकोला-अमरावतीच्या आसपास असतानाच खाली येऊ लागतं! चढायलाही साधारण तेवढंच अंतर धरा. उरले 280-290 किलोमीटर, आणि पूर्ण वेगाची जेमतेम 20 मिनिटं. जवळच्या शहरांमध्ये विमानाचा वेग अंगी लागत नाही, तो यामुळेच.

मग येतो वारा. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवाच वाहत असते. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरांत वारे पश्चिमेकडून येतात. समजा विमानाचा वेग ताशी 830 किलोमीटर आणि वाऱ्याचा 100. तर जाताना जमिनीवरून 930 मिळतात, परतताना फक्त 730. पावसाळ्यात चित्र उलटतं. खाली ढग पश्चिमेकडून येत असतात, पण विमानाच्या उंचीवर वारे पूर्वेकडून वाहतात. तेव्हा नागपूरहून मुंबईला येणाऱ्याला मदत मिळते.

वेग कमी होता, तेव्हा या 680 किलोमीटरचं मोल वेगळंच होतं. 1949 मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. नागपूरहून दिल्ली सुमारे 855 किलोमीटर, चेन्नई 910, कोलकाता 985. ताशी पावणेतीनशे किलोमीटरने उडणाऱ्या डकोटा विमानालाही यातलं कुठलंच शहर चार तासांहून फार लांब पडत नव्हतं. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कोलकात्यात असायचं.