समोर कुलूप असल्याशिवाय किल्ली नाही: कुलूपकामाच्या परवान्याची पार्श्वभूमी

इ.स. १२६८ च्या सुमारास पॅरिसचा नगराधिकारी एत्येन ब्वालो याने शहरातील निरनिराळ्या धंद्यांचे नियम एकत्र लिहवून घेतले, तेव्हा त्यांत कुलूप बनवणाऱ्यांसाठी एक साधी अट होती: ज्या कुलपाची किल्ली करायची, ते कुलूप कारागिराच्या समोर, त्याच्या जागेत असले पाहिजे. मेणावर उठवलेला ठसा घेऊन कोणी आला आणि किल्ली घडवून घेऊन गेला, तर ती कोणाचे दार उघडणार हे कारागिराला कळण्याचा मार्गच उरत नाही. आज अनेक देशांत या व्यवसायाला जो परवाना लागतो, त्याच्या मुळाशी हाच विचार असल्याचे दिसते. परवान्याची चर्चा बहुधा कारागिराच्या कौशल्याभोवती फिरते. परंतु या धंद्यावरील नियमनाचा इतिहास पाहिला, तर कौशल्यापेक्षा ‘हे काम कोणासाठी केले’ या प्रश्नालाच त्यात अधिक महत्त्व मिळाले आहे.

मध्ययुगीन युरोपात हा प्रश्न कारागीर संघ सांभाळत. उमेदवारी, उस्तादाची मान्यता, कामाची तपासणी आणि नियम मोडल्यास दंड, हे सारे संघाच्या हाती असे. फ्रान्समध्ये १७९१ साली हे संघ कायद्याने मोडीत निघाले आणि धंदा सर्वांना खुला झाला, पण विश्वासाचा प्रश्न तसाच राहिला. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेने बनावट किल्ली करणाऱ्यास तीन महिने ते दोन वर्षे कैद सांगितली आणि गुन्हेगार व्यवसायाने कुलूपकारागीर असेल तर त्याहून कठोर शिक्षा ठेवली. ज्याच्यावर लोक भरवसा टाकतात त्याने तो मोडणे हा अधिक गंभीर अपराध आहे, ही भूमिका इथे कायद्याच्या शब्दांत उतरली, आणि मला ती आजही रास्त वाटते.

दरम्यान कुलपाच्या रचनेतही वेगाने बदल होत होते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये आणि जोसेफ ब्रामाने १७८४ मध्ये नव्या रचनांचे पेटंट घेतले; १८१७ साली पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाल्यानंतर सरकारने अभेद्य कुलपासाठी बक्षीस लावले आणि पुढच्या वर्षी जेरेमाया चबचे कुलूप आले, ज्यात चुकीच्या किल्लीने छेडछाड झाल्यास तसा संकेत राहत असे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या काळात अमेरिकन कारागीर अल्फ्रेड हॉब्ज याने चबचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. त्यानंतर ब्रामांच्या दुकानाच्या खिडकीत २०० गिनी (इंग्लंडची जुनी सोन्याची नाणी) बक्षिसाच्या आव्हानासह अनेक वर्षे टांगलेले कुलूपही त्याने सोळा दिवसांत पसरलेल्या सुमारे ५१ तासांच्या श्रमाने उघडून दाखवले. कुलपांच्या उणिवा अशा उघड्यावर मांडणे धोक्याचे आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. त्यावर हॉब्जच्या बाजूचे उत्तर असे होते की चोरांना हे ज्ञान आधीपासूनच आहे. अंधारात राहतो तो केवळ कुलूप विकत घेणारा. हे उत्तर मान्य केले की ज्ञान लपवून सुरक्षितता साधण्याचा मार्ग बंद होतो, आणि ते ज्ञान व्यवसाय म्हणून वापरणाऱ्याची ओळख व त्याच्या कामाची नोंद, एवढेच राज्यसंस्थेच्या हाती उरते.

आधुनिक परवान्याची घडण याच दोन गोष्टींवर झाली आहे. अमेरिकेत संपूर्ण देशासाठी एक परवाना नाही. कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय अशा काही राज्यांनी तो सक्तीचा केला, नॉर्थ कॅरोलायनाने २००१ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, तर बऱ्याच राज्यांत आजही तो लागत नाही. बोटांचे ठसे व गुन्हेगारी पूर्वेतिहासाची पडताळणी हा अशा परवान्यांचा सर्वसाधारण पाया असतो. कॅलिफोर्नियाचा नियम विशेष बोलका आहे. दुसऱ्यासाठी घर किंवा व्यावसायिक जागा उघडून देणाऱ्या कारागिराने, पैसे घेतले असोत वा नसोत, त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक आणि सही घ्यायची आणि तो कागद दोन वर्षे जपून ठेवायचा, म्हणजे पोलिसांना तो पाहता येईल. फुकट केलेली मदतही या नोंदीतून सुटत नाही, याचे कारण उघड आहे: घराबाहेर अडकलेला माणूस आणि दुसऱ्याच्या घरात शिरू पाहणारा माणूस दारासमोर अगदी सारख्याच घाईत उभे असतात.

ब्रिटनमध्ये याउलट कायद्याने परवाना लागत नाही. तिथे १९५८ साली स्थापन झालेली मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशन सभासदांच्या कामाची तपासणी करते, पण सभासदत्व ऐच्छिक आहे. परवान्याच्या सक्तीमुळे नवशिक्यांना धंद्यात शिरणे कठीण होते आणि स्पर्धा घटते, हा आक्षेप गंभीर आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. तरीही फोनवर अल्प दर सांगून येणारा, साधे कुलूप विनाकारण ड्रिलने फोडणारा आणि मग कित्येक पट रक्कम मागणारा भामटा हा या शतकात इतका नेहमीचा झाला की ग्राहकहित जपणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेला त्याविषयी ग्राहकांना सावध करावे लागले. अशी टोळी अनेकदा खोटे स्थानिक पत्ते देऊन दूरवरच्या कॉल सेंटरमधून काम घेते. म्हणूनच कॅलिफोर्नियात जाहिरातीवर परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे.

मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक किल्ल्यांनी हा प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. किल्लीचा संकेतांक आता उत्पादकाकडे असतो आणि तो मिळवण्यासाठी कारागिराला मोटार समोर असण्याचीही गरज नसते. अमेरिकेत त्यासाठी पडताळणी झालेल्या कारागिरांची वेगळी नोंदवही आहे. तिच्यातून संकेतांक घेणाऱ्याला गाडीचा मालक कोण, त्याने ओळख कशी पटवली आणि कामाला संमती दिली का, हे कागदावर उतरवून ठेवावे लागते.