गुण कमी पडले की चाहते का पेटतात?

नोव्हेंबर २००६. निन्टेंडोचा वी हा नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, आणि त्याच्यासोबत 'द लेजंड ऑफ झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस' हा गेम बाजारात येत होता. गेमस्पॉट या गेमांचे रिव्ह्यू करणाऱ्या वेबसाइटच्या जेफ गर्स्टमन यांनी या गेमला १० पैकी ८.८ गुण दिले. गेमस्पॉटच्याच मोजपट्टीवर ८.८ म्हणजे 'उत्तम'. रिव्ह्यूत कौतुकच जास्त होतं. ग्राफिक्स आणि आवाज काळाच्या मागे पडलेत, वी रिमोट हलवून खेळण्याची सोय वरवर चिकटवल्यासारखी वाटते, एवढ्याच काय त्या तक्रारी. तरी चाहत्यांनी थयथयाट केला. त्यातल्या बहुतेकांनी गेम अजून खेळलेलाही नव्हता. पुढे कित्येक वर्षं गेमर मंडळींत नुसतं '८.८' म्हटलं की कशाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळायचं.

इतक्याशा फरकावरून माणसं एवढी का चवताळतात? गुण देण्याची पद्धत तर जुनीच. १९८०च्या दशकात ब्रिटनमधली 'क्रॅश' आणि 'झॅप!६४' ही मासिकं टक्क्यांत गुण द्यायची. जपानच्या 'फामित्सू' या गेमिंग मासिकात चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात आणि ४० पैकी बेरीज छापली जाते. तिथे पहिल्यांदा ४० पैकी ४० मिळवले ते १९९८च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'ने, म्हणजे झेल्डाच्याच गेमने. गेमस्पॉटनेही त्याला १० पैकी १० दिले होते. २००६च्या चाहत्यांची अपेक्षा कुठून आली होती, ते यावरून लक्षात येईल.

पण छापील मासिकाचे गुण त्या मासिकापुरतेच असायचे. चित्र बदललं ते सरासरीमुळे. १९९९मध्ये गेमरँकिंग्ज आणि २००१मध्ये मेटाक्रिटिक या सरासरी काढणाऱ्या वेबसाइट सुरू झाल्या. जगभरच्या रिव्ह्यूंचे गुण १०० पैकी करून, कुणाला किती वजन द्यायचं ते आपल्यापाशीच ठेवून, मेटाक्रिटिक प्रत्येक गेमला एकच आकडा देऊ लागलं. आता एखाद्याचं वेगळं मत हे नुसतं मत राहिलं नाही. ते 'आपल्या' गेमची सरासरी खाली ओढणारं वजन झालं. मार्च २०१७मध्ये समीक्षक जिम स्टर्लिंग यांनी झेल्डाच्याच 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला १० पैकी ७ दिले, तेव्हा त्या गेमची सरासरी ९८वरून ९७वर आली. तेवढ्यासाठी स्टर्लिंग यांच्या वेबसाइटवर हल्ला करून ती बंद पाडण्यात आली.

मेटाक्रिटिकचे रंगही बघण्यासारखे आहेत. सिनेमाला १०० पैकी ६१ मिळाले की हिरवा रंग लागतो. गेमला त्यासाठी ७५ लागतात, ७४पर्यंत पिवळाच. म्हणजे १० पैकी ७ मिळालेला सिनेमा 'चांगला' आणि तितकेच गुण मिळालेला गेम 'संमिश्र'. मोठ्या गेमांच्या बाबतीत निम्म्याहून जास्त मोजपट्टी वापरलीच जात नाही. सगळा खेळ ७ ते १०च्या चिंचोळ्या पट्टीत चालतो, आणि मग ९ आणि ८.८मधली फट दरीएवढी दिसू लागते. माझ्या मते या सगळ्या रागाचं मूळ इथेच आहे. चाहत्यांचा हट्टीपणा त्यानंतर येतो.

कंपन्यांनी या आकड्याला पैसे बांधले, तेव्हा त्याचं वजन आणखी वाढलं. 'फॉलआउट : न्यू वेगास' हा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस मिळणार होता तो मेटाक्रिटिकवर ८५ गुण आले तर. आले ८४. 'डेस्टिनी' या गेमच्या करारात गेमरँकिंग्जवर ९०ची अट होती आणि तिच्यावर २५ लाख डॉलर टांगलेले होते. दबाव उलट बाजूनेही यायचा. २००७मध्ये गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' या गेमला ६ गुण दिले, तेव्हा त्याच गेमच्या जाहिराती गेमस्पॉटवर झळकत होत्या. त्यानंतर त्यांना नोकरीवरून काढण्यात आलं. या दोन गोष्टींचा संबंध होता, हे त्यांना उघडपणे सांगता आलं ते २०१२मध्ये. 'रिव्ह्यू विकले जातात' हा चाहत्यांचा संशय हवेतून आलेला नव्हता. वाईट एवढंच, की संशयाचा सूड उगवला गेला तो एकेकट्या समीक्षकावर, आणि स्त्रियांवर सगळ्यात जास्त.

२०१३मध्ये गेमस्पॉटच्याच कॅरोलिन पेटिट यांनी 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५'ला ९ गुण दिले. पैकीच्या पैकी नाहीत, पण ९! गेममध्ये स्त्रीद्वेष आहे असं त्यांनी लिहिलं आणि वीस हजारांहून जास्त प्रतिक्रिया येऊन आदळल्या. ट्रान्स स्त्री असण्यावरून त्यांना घाण शिव्या दिल्या गेल्या, त्यांना कामावरून काढा म्हणून याचिका निघाली. डिसेंबर २०२०मध्ये 'सायबरपंक २०७७' या गेमला ७ देणाऱ्या गेमस्पॉटच्या कॅली प्लॅग यांच्या वाट्याला हेच आलं. 'गेम इन्फॉर्मर' मासिकाच्या लियाना रूपर्ट यांनी तर त्याच गेमबद्दल फक्त सावध केलं होतं: एका प्रसंगातल्या लखलखणाऱ्या दिव्यांनी आपल्याला अपस्माराचा झटका आला, जपून खेळा. त्यांना मुद्दाम तसेच लखलखणारे व्हिडिओ पाठवले गेले. १० डिसेंबरला गेम आला, आणि त्यातले बिघाड इतके होते की आठवडा-दीड आठवड्यात सोनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरमधून काढून घेतला. प्लॅग यांचे ७ गुण तोवर बऱ्याच जणांना उदार वाटू लागले असतील.

उपाय झाले, पण तुकड्यातुकड्यांत. जून २०२०मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आला, तेव्हा एवढा मोठा गेम खेळून संपणं शक्यच नव्हतं इतक्या लवकर हजारोंनी शून्य गुण दिले. त्यावर मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यापासून ३६ तास वापरकर्त्यांना रिव्ह्यू टाकता येणार नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने २०१९पासून गेमशी संबंध नसलेल्या कारणांनी आलेली रिव्ह्यूंची लाट मोजणीतून वगळायला सुरुवात केली. युरोगेमर या वेबसाइटने २०१५मध्ये गुण देणंच सोडून दिलं, पण २०२३मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत आणली. त्याच वर्षी 'स्टारफील्ड' या गेमला आयजीएन या वेबसाइटने ७ दिले आणि पुन्हा तोच गदारोळ उठला. आयजीएनच्या मोजपट्टीवर ७ म्हणजे 'चांगला'.