यरीहोचा पाडाव (ख्रिस्ती अर्थविवरण)

बायबलच्या जुन्या करारातील यहोशवाच्या पुस्तकात (अध्याय ६) आलेली युद्धकथा. यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोकांनी सहा दिवस रोज एकदा यरीहो नगराला फेरी घातली. कराराच्या कोशापुढे (देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेल्या पवित्र पेटीपुढे) सात याजक रणशिंगे फुंकीत चालत होते. सातव्या दिवशी सात फेऱ्या झाल्या, लोकांनी मोठ्याने जयघोष केला आणि तट कोसळला. मुलांना गोष्ट सहसा इथवरच सांगतात. पुढे स्त्री-पुरुष, बालवृद्ध, गुरेमेंढरे यांची सरसकट कत्तल आहे. इस्राएली हेरांना लपवणारी राहाब वेश्या आणि तिचे घराणे तेवढे वाचले.

शत्रूचे सर्वस्व देवाला वाहून नष्ट करण्याची ही रीत (हेरेम) एकट्या इस्राएलची नव्हती. इ. स. पू. नवव्या शतकातील, इस्राएलच्या शेजारच्या मवाबचा राजा मेशा यानेही नबो हे इस्राएली गाव असेच वाहिल्याचे शिलालेखात अभिमानाने कोरून ठेवले आहे.

दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती विचारवंताने जुना करारच नाकारला. चर्चने तो राखला, पण वाचायची तऱ्हा बदलली. ख्रिस्ती धर्मपंडित ऑरिजेनच्या (सु. १८५–२५४) प्रवचनांत यहोशवा म्हणजे येशू, यरीहो म्हणजे हे जग, रणशिंगे म्हणजे प्रेषितांची शिकवण, आणि ठार मारायचे ते मनातले विकार. ही युद्धे आध्यात्मिक लढाईची प्रतीके नसती, तर प्रेषितांनी हे ग्रंथ चर्चमध्ये वाचायला दिलेच नसते, असे तो म्हणतो. राहाबच्या खिडकीतला किरमिजी दोर रोमचा आद्य बिशप क्लेमेंट याला ख्रिस्ताच्या रक्ताची खूण वाटला.

देवाला वाहिलेल्या यरीहोच्या लुटीतला झगा, २०० शेकेल (वजनाचे जुने माप) चांदी आणि ५० शेकेलांची सोन्याची वीट लपवणारा आखान हा लोभावरच्या प्रवचनांचा हक्काचा दाखला. त्याच्याबरोबर त्याच्या मुलामुलींचाही अंत झाला, हे बहुधा गाळले जाते.

अक्षरशः वाचनही थांबले नाही. ८ जुलै १०९९ रोजी जेरुसलेमला वेढा घालून बसलेल्या ख्रिस्ती क्रूसयोद्ध्यांनी यरीहोच्या धर्तीवर अनवाणी शहराभोवती फेरी काढली. १५ जुलैला शहर पडले आणि आतल्या मुसलमान व यहुदी रहिवाशांची कत्तल झाली. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनने रूपकाचा आडोसा घेतला नाही: देवाची आज्ञा नसती तर हे क्रौर्यच ठरले असते, आज्ञा होती म्हणून तो न्याय. आज अनेक ख्रिश्चनांना नेमके हेच उत्तर पचत नाही.

पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांच्या यरीहोतील उत्खननात (१९५२–५८) यहोशवाचा म्हणून दाखवला जाणारा तट यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या कितीतरी शतके आधीचा निघाला. त्यामुळे बरेच अभ्यासक ही कथा उत्तरकालीन रचना मानतात. इतिहासापुरती त्यांची सुटका होते; अशी आज्ञा देवाच्या तोंडी का घातली गेली, हे त्यांनाही सांगावेच लागते.