आगीच्या आधीपासूनचा ‘मशीन हेड’

गिटारच्या क्लासात पहिल्या महिन्यातच कुणीतरी ती सुरावट काढतो आणि शेजारचे दोघे लगेच त्यात सामील होतात. सा, कोमल ग, म. पुन्हा सा, कोमल ग, मग तीव्र मध्यमाला टेकून शुद्ध मध्यमावर उतरायचं. दोन मध्यम असे लागोपाठ आले की आपल्या कानाला ललत आठवतो, पण इथे रागाचा काही संबंध नाही, ही ब्लूजची देणगी आहे. बहुतेक जण ती एकेका तारेवर वाजवतात. मूळ वादक रिची ब्लॅकमोर मात्र दर सुराबरोबर खालचा एक सूर जोडीला घेतो, म्हणजे षड्जाखाली मंद्र पंचम, आणि दोन्ही तारा प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या चपट्या तुकड्याने, न वाजवता बोटांनी एकदम उचलतो. हा फरक एकदा ऐकला की पुन्हा विसरता येत नाही.

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ही सुरावट. ते गाणं ज्या ‘मशीन हेड’ अल्बममध्ये आहे, तो मार्च १९७२ मध्ये आला. मशीन हेड म्हणजे तार ताणायची खुंटी, सतारीला असते तशीच. या अल्बमचं नाव निघालं की लोक आगीची गोष्ट सांगतात, ती आहेही थरारक. पण आगीने एक गाणं दिलं. बाकीचा अल्बम त्याआधीच्या अडीच वर्षांच्या मेहनतीचा आहे, आणि त्या मेहनतीबद्दल फार कमी बोललं जातं याची मला खंत वाटते.

बँड १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये हर्टफर्डला जमला. ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रम्सवर इयन पेस. गायक आणि बास वाजवणारा तेव्हा वेगळे होते. अमेरिकेत एक गाणं गाजलं, पण बँडला आपला आवाज सापडला नव्हता. १९६९ च्या उन्हाळ्यात गायक इयन गिलन आणि बासवर रॉजर ग्लव्हर आले. या पाच जणांच्या संचाला चाहते ‘मार्क टू’ म्हणतात. त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या कार्यक्रमांतला एक होता लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, २४ सप्टेंबर १९६९ ला, तोही पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर. रचना लॉर्डची होती, कारण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत हा त्याचा पाया. ब्लॅकमोरला पुढे जायचं होतं ते कडक रॉककडे. १९७० च्या ‘इन रॉक’मध्ये त्याची बाजू वरचढ ठरली आणि लॉर्डने त्यासाठी आपलं वाद्यच बदलून घेतलं म्हटलं तरी चालेल. चर्चमध्ये शोभणारा हॅमंड ऑर्गन त्याने गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. आवाज फाटायला लागला, खरखरीत झाला, थेट गिटारच्या अंगावर धावून जाऊ लागला. डीप पर्पलचा आवाज इथे जन्मला असं मी मानतो.

१९७१ च्या ‘फायरबॉल’पर्यंत मात्र पाचही जण एका गोष्टीवर अडून बसले होते: मंचावर आपण जसे वाजतो तसे स्टुडिओत वाजत नाही. म्हणून ठरलं, स्टुडिओच नको. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी मॉन्त्रो आहे. तिथलं कॅसिनो थिएटर हिवाळ्यात बंद होणार होतं, ते घ्यायचं आणि रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ट्रकमध्ये बसवलेली रेकॉर्डिंगची सगळी सामग्री, बाहेर उभा करायचा. इंग्लंडमधला जबर कर टाळणं हेही एक कारण होतंच.

४ डिसेंबर १९७१ ला, कॅसिनो बंद होण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम अमेरिकी संगीतकार फ्रँक झॅपाचा होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारी बंदूक, छताच्या दिशेने झाडली आणि इमारत पेटली. मॉन्त्रोच्या जॅझ महोत्सवाचा प्रमुख क्लॉद नोब्स लोकांना बाहेर काढायला धावला. जीवितहानी झाली नाही, कॅसिनो मात्र खाक झाला. धूर सरोवराच्या पाण्यावर पसरत गेला. पुढे एका सकाळी जाग येता येता ग्लव्हरच्या तोंडून ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे शब्द निघाले.

नोब्सनेच मग त्यांना ‘पॅव्हिलियन’ नावाचं दुसरं थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री त्या सुरावटीचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि आजूबाजूच्या लोकांची झोप उडाली. पोलिस आले. आत टेक, म्हणजे गाण्याचं एक सलग मुद्रण, पुरा होईपर्यंत बँडच्या माणसांनी दारं आतून रेटून धरली! टेक मिळाला, जागा गेली.

शेवटी गावाबाहेरचं ग्रँड हॉटेल मिळालं. हिवाळ्यासाठी बंद, थंडगार. भाड्याने मोठे हीटर आणले, खोल्यांमधल्या गाद्या काढून कॉरिडॉरमध्ये आवाज अडवायला उभ्या केल्या आणि त्या बोळकांडीतच बँड मांडला. ट्रक बाहेर बर्फात. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्यांमधून, बाल्कन्यांमधून वाट काढत खाली ट्रकपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. दोन-चार वेळा हे केल्यावर ते जायचेच थांबले. ट्रकमध्ये बसलेला ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च ‘ठीक आहे’ म्हणाला की पुढचं गाणं.

पुन्हा पुन्हा ऐकून दुरुस्त्या करायची सोयच उरली नाही. अशा वेळी टिकतो तो, ज्याचे हात आधीच तयार आहेत. अल्बममधलं ‘हायवे स्टार’ तर त्या वर्षी पोर्ट्समथला जाताना बसमध्येच सुचलं होतं. एका पत्रकाराने गाणी कशी बनवता म्हणून विचारलं आणि ब्लॅकमोरने गिटार काढली. मॉन्त्रोला पोचेपर्यंत ते मंचावर वाजून वाजून घासलेलं होतं. म्हणून २१ डिसेंबरपर्यंत, जेमतेम दोन आठवड्यांत, सात गाणी पुरी झाली. ‘लेझी’मधला लॉर्डचा सुरुवातीचा ऑर्गन ऐकावा, त्या गाद्या लावलेल्या कॉरिडॉरमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं.

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. गंमत म्हणजे सिंगल, म्हणजे गाण्याची स्वतंत्र छोटी तबकडी, म्हणून आधी निवडलं होतं ‘नेव्हर बिफोर’. ‘स्मोक ऑन द वॉटर’ अमेरिकेत सिंगल म्हणून आलं १९७३ मध्ये आणि चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. तोवर हा संच मोडतही आला होता. सततचे दौरे, आजारपणं, आणि गिलन-ब्लॅकमोर यांचं एकमेकांशी अजिबात न जमणं. २९ जून १९७३ ला ओसाकात गिलन आणि ग्लव्हर शेवटचे वाजले. त्यांच्या जागी डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले, १९७५ मध्ये खुद्द ब्लॅकमोर गेला, १९७६ मध्ये बँड बंद पडला. १९८४ मध्ये तेच पाच जण पुन्हा जमले, १९९३ मध्ये ब्लॅकमोर कायमचा बाहेर पडला, २०१२ मध्ये जॉन लॉर्डचं निधन झालं. बँड आजही वाजतो. पहिल्या दिवसापासून प्रत्येक संचात असलेला एकटा पेसच.

मॉन्त्रोत आठवं गाणंही मुद्रित झालं होतं, ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’. संथ, दुखरं, गिलनच्या सर्वांत हळव्या गायनांपैकी एक. ब्लॅकमोरला ते आवडलं नाही, म्हणून ते अल्बमबाहेर राहिलं आणि ‘नेव्हर बिफोर’च्या मागच्या बाजूला गेलं. ब्लॅकमोर बँड सोडून गेल्यानंतर बाकीचे ते मंचावर वाजवू लागले आणि १९९७ च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत ते अखेर आपल्या सात भावंडांत येऊन बसलं.