टायटनच्या भिंतीचे सुटलेले पापुद्रे

बुडालेल्या टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ पाणबुडी गेली तेव्हा ‘टायटॅनिकचा शाप’ असे मेसेज फिरत होते. ते अजूनही येतात, म्हणून हे लिहितोय. १८ जून २०२३ ला पाच माणसं गेली ती शापाने नाही, एका नळकांड्याच्या भिंतीमुळे.

टायटॅनिकचे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोल आहेत. दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर किलोहून किंचित जास्त, दाब वाढतो. तळाशी चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर, जवळजवळ ३९० किलोंचा भार. टायटन ३,३०० मीटरच्या पुढे गेली आणि चिरडली.

टायटनचं नळकांडं कार्बन फायबरचं होतं. कार्बन फायबर पोलादाहून मजबूत, ही जाहिरात खरी आहे, पण ओढताना. खराट्याचा एक हीर दोन्ही टोकांना धरून ओढा, तुटता तुटत नाही. तोच उभा दाबा, लगेच वाकतो. शंभर हीर सुतळीने गच्च आवळले तर मात्र जुडगा दाब सोसतो. कार्बनचे धागे म्हणजे हे हीर, आणि सुतळीचं काम करतं त्यांना धरून ठेवणारं रेझिन.

आता खरी गंमत. भिंतीची न वाकण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. टायटनची भिंत एकेक इंचाचे पाच थर चिकटवून पाच इंच जाड केलेली, एकसंध धरली तर ५ चा घन १२५. मधला एक सांधा पूर्ण सुटून तीन इंच आणि दोन इंच असे दोन पापुद्रे झाले, तर २७ अधिक ८, म्हणजे फक्त ३५. पाचही थर सुटे झाले तर ५. जाडी तीच, वजन तेच, सरळ दाब सोसायला साहित्यही तेवढंच. पण गोलाई जरा बिघडली की भिंत लचकते, लचकली की गोलाई आणखी बिघडते, आणि मग क्षणभरही लागत नाही.

टायटनची भिंत थराथरानेच केली होती. एक इंच गुंडाळायचा, भट्टीत पक्का करायचा, सुरकुत्या घासून काढायच्या, गोंद लावून पुढचा थर. असे पाच. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेच्या तपासात साहित्यात सुरकुत्या आणि पोकळ्या सापडल्या. तळावरून आणलेले तुकडेही थरांच्या सांध्यांवर सुटलेले होते.

शिवाय नळकांड्याच्या घेरात ताण येतो दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. त्याच मापाच्या गोलात त्याच्या निम्मा, तोही सगळ्या दिशांना सारखा. खोल समुद्रासाठीच्या आपल्या भारताच्या ‘मत्स्य ६०००’ पाणबुडीमध्ये माणसं बसणार ती २.१ मीटर व्यासाच्या, ८० मिलिमीटर जाड टायटॅनियमच्या गोलात. मला हाच मार्ग बरोबर वाटतो.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट जुलै २०२२ ची. ८० व्या बुडीनंतर टायटन वर येत असताना मोठा आवाज झाला. पुढच्या बुड्यांत भिंतीवरच्या ताणमापकांचे आकडे पूर्वीसारखे येईनात. ती नोंद हाताशी होती. तरी पाणबुडी पाण्यात उतरत राहिली, ८८ व्या बुडीपर्यंत.