नलिनी मलानी यांची मिश्रमाध्यम कला

नलिनी मलानी (जन्म : कराची, १९ फेब्रुवारी १९४६) यांची गणना भारतातील व्हिडिओ-कलेच्या आद्य प्रवर्तकांत होते. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. रंगचित्र, चलचित्र, नाट्यप्रयोग, फिरते पारदर्शक दंडगोल, भिंतीवरचे कोळशाचे रेखाटन आणि अलीकडे आयपॅडवरचे ॲनिमेशन असा त्यांच्या माध्यमांचा पल्ला असून या सर्वांत हाताने काढलेली मानवाकृती कायम राहिली आहे. दालनात येणाऱ्या मोजक्या रसिकांपलीकडे चित्र कसे पोहोचेल, या प्रश्नापायी त्या एका माध्यमातून दुसऱ्याकडे वळत गेल्या.

फाळणीनंतर त्यांचे कुटुंब कराची सोडून कोलकात्याला आणि पुढे मुंबईला आले. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकत असतानाच (१९६४–६९) ब्रीच कँडीच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली. तिथे चित्रकारांच्या शेजारी नाटकवाले, नर्तक आणि संगीतकार यांचीही वर्दळ असे. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमापेक्षा या शेजाराचा ठसा त्यांच्या पुढील कामावर अधिक ठळक दिसतो.

१९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. तिथे मलानी यांनी कॅमेराविरहित छायाचित्रणाचे (प्रकाशसंवेदी कागदावर थेट प्रकाश पाडून प्रतिमा उमटवण्याचे) प्रयोग केले आणि काही लघुपट केले. ‘ड्रीम हाउसेस’ (१९६९) हे आधुनिक वास्तुरचनेच्या आशावादातून सुचलेले रंगीत ॲनिमेशन. काही वर्षांनी त्याच्या शेजारी त्यांनी दुसरा, कृष्णधवल पडदा ठेवला; त्यात एक तरुणी मुंबईच्या इमारती आणि झोपड्यांकडे पाहते. दोन पडद्यांच्या या जोडकामाचे नाव ‘युटोपिया’ (१९६९–७६). स्वप्न आणि त्याचा निकाल एकाच वेळी दाखवणारी ही रचना भारतात त्या काळी जवळजवळ एकाकी होती. ती पुढे अनेक दशके दुर्लक्षित राहिली. मधल्या काळात (१९७०–७२) फ्रेंच शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसमध्ये होत्या.

परतल्यावर त्यांनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत स्टुडिओ थाटला. विजेच्या सामानाची घाऊक दुकाने, हातगाड्या, हमाल आणि रस्त्यावरच संसार मांडलेली माणसे हा तिथला परिसर त्यांच्या १९८० च्या दशकातील चित्रांत थेट उतरला. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली त्यांनी स्त्री-कलावंतांनी चालवलेली ए. आय. आर. गॅलरी पाहिली होती. त्यातून भारतात स्त्रियांचे समूहप्रदर्शन भरवण्याची कल्पना रुजली आणि अर्पिता सिंग, नीलिमा शेख व माधवी पारेख यांच्यासह ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे फिरते प्रदर्शन (१९८७–८९) झाले.

याच सुमारास चित्रकार भूपेन खक्कर यांच्याकडून त्यांनी काचेवर उलट बाजूने रंगवण्याचे तंत्र घेतले. चीनमधून व्यापारामार्गे आलेली ही कारागिरी भारतात अठराव्या शतकापासून रुळलेली आहे. यात क्रम उलटा असतो : कॅनव्हासवर शेवटी येणारे डोळे-भुवया, दागिने आणि रेषा आधी काढायच्या, अंगाचा रंग त्यावर आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. आधीचा थर पुढच्या थराखाली दडत असल्याने मागाहून दुरुस्तीला वाव फारसा नाही. मलानी यांनी काचेऐवजी ॲक्रिलिक आणि मायलर (एक प्रकारचे पातळ प्लास्टिक) यांचे पारदर्शक पत्रे वापरले, आणि चित्रातून प्रकाश आरपार जाऊ लागला.

१९९२ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे काम त्यांनी थेट भिंतींवर काढले. राजस्थानातील नाथद्वाऱ्याच्या भित्तिचित्रांची उपेक्षा हा त्यामागचा एक संदर्भ होता. प्रदर्शन संपताच भिंती पांढऱ्या करण्यात आल्या, म्हणजे विकण्याजोगे काहीच उरले नाही. रेखाटन पुसणे हाच पुढे त्यांच्या अनेक प्रदर्शनांतील प्रयोग झाला. पाठोपाठ १९९३ मध्ये अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासोबत जर्मन नाटककार हायनर म्युलर यांच्या, ग्रीक पुराणकथेतील मेडियावरच्या संहितेवर त्यांनी प्रयोग केला. या प्रयोगात चित्र हे नटीमागचे नेपथ्य नव्हते, नटीच्या बरोबरीचे पात्र होते.

१९९८ च्या अणुचाचण्यांनंतर केलेल्या ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ या मांडणशिल्पात मंटो यांच्या फाळणीकथेचा आधार आहे. पत्र्याच्या ट्रंकांत दूरचित्रवाणी संच ठेवलेले. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी घडी घालू पाहतात, पण मधले अंतर काही मिटत नाही. मुंबईत हे काम तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडले गेले, त्यामुळे कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या प्रेक्षकांनीही ते पाहिले.

‘ट्रान्सग्रेशन्स’पासून (२००१) त्यांची सर्वाधिक परिचित शैली आकारली. उलट बाजूने रंगवलेले मायलरचे दंडगोल छताखाली मंद गतीने फिरतात, त्यांच्यातून चलचित्र प्रक्षेपित होते आणि भिंतींवर सावल्या व चित्रे एकमेकांवर सरकतात. मराठी वाचकाला पिंगुळीच्या चामडी बाहुल्यांचा खेळ आठवेल. मात्र तिथे प्रेक्षकाला पडद्यावरची सावलीच दिसते, इथे दंडगोल, यंत्र आणि सावली सारेच उघड्यावर असते. ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ (जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ हे समकालीन कलेचे प्रदर्शन, २०१२) हे या शैलीतील सर्वांत गुंतागुंतीचे काम. त्याचे शीर्षक उर्दू कवी फैज यांच्या कवितेवरून आहे, आणि ग्रीक पुराणकथेतील, ऐकून न घेतली गेलेली भविष्यवेत्ती कॅसांड्रा व महाश्वेतादेवींच्या कथेतील द्रौपदी त्यात एकत्र येतात. इतके संदर्भ एका वेळी पेलणे प्रेक्षकाला जड जाते हा आक्षेप रास्त आहे.

पॅरिसचे पाँपिदू केंद्र (२०१७) आणि इटलीतील कास्तेल्लो दि रिव्होली (२०१८) यांनी त्यांचे सिंहावलोकन दोन भागांत मांडले. २०१७ पासून त्या आयपॅडवर बोटाने रेखाटून लहान ॲनिमेशन करू लागल्या. ती ‘कॅन यू हिअर मी?’ या नावाने २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत भिंतभर दाखवली गेली. पुढे लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहातील अभिजात चित्रांवर त्यांनी याच पद्धतीने ‘माय रिअॅलिटी इज डिफरंट’ हे काम केले. त्यात जुन्या चित्रांतील स्त्रिया आणि दुय्यम ठरलेली पात्रे पुढे येतात. फुकुओका पुरस्कार (२०१३), जोन मिरो पारितोषिक (२०१९) आणि क्योतो पारितोषिक (२०२३) त्यांना मिळाले आहेत.